नहर आणि भांडार

कोणत्याही नगराचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे राजे, वेढे, तह आणि इमारती यांकडे लेखकाचें लक्ष आधीं जातें. त्या नगरास पाणी कोठून येत असे, आणि तें येण्याच्या वाटेची राखण कोण करीत असे, हा प्रश्न बहुधा एखाद्या तळटीपेंत आटोपला जातो. वस्तुतः लढाई पांच-दहा वर्षांतून एकदां होते आणि तहान रोज लागते. तेव्हां रोजच्या व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर ही तळटीपच मुख्य मजकुराहून मोठी ठरावी.

आमच्या छत्रपति संभाजीनगराचेंच उदाहरण घ्या. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें आपली राजधानी वसविली. १६२६ मध्यें त्याचा पुत्र फत्तेखान यानें तिला फत्तेनगर हें नांव दिलें. १६५३ मध्यें औरंगझेबानें तिचें औरंगाबाद केलें. आणि २०२३ सालीं हल्लींचें नांव सरकारी दप्तरांत आलें. राज्यें बदललीं, नांवें बदललीं. पण १६१७ च्या सुमारास मलिक अंबरानें बांधविलेल्या नहरीचें पाणी कित्येक पिढ्या या नांवांच्या खालून वाहत राहिलें. नगराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूला जमिनीच्या पोटांतील पाझर एकत्र करावयाचे, तें पाणी बांधीव बोगद्यांतून केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणावयाचें, आणि पुढें खापरी नळांनीं तें निरनिराळ्या हौदांत वांटावयाचें, अशी ती योजना होती. मागाहून आणखीही नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यानें फिरे, आणि तिच्यावर दळलेलें पीठ फकीर व वाटसरू यांच्या अन्नासाठीं जाई. हौदावर घागर भरणाऱ्या बाईस नहर दिसत नसे. तिला दिसे तें पाणी. आणि तें उद्यांही येईल व चांगलेंच येईल, असा तिचा विश्वास असे.

हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, याच नगरांत हल्लीं दुसरी एक अदृश्य नहर वाहत आहे, आणि तिच्या इतिहासाकडे सुशिक्षित कुटुंबांचेंही लक्ष अद्याप फारसें गेलेलें नाहीं. मुलाचा परीक्षेचा निकाल, बँकेंतील खातें, आगगाडीचें तिकीट, इस्पितळांतील कागद, हें सर्व आतां ज्या यंत्रांत असतें त्यांस सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे आपल्या घरच्या संगणकाचाच दणकट भाऊ. परंतु त्याला बहुधा पडदा नसतो आणि कळफलकही नसतो. त्याचा सांभाळ करणारा तंत्रज्ञ पुष्कळदां दुसऱ्याच गांवीं बसलेला असतो, आणि त्या यंत्राशीं तो बोलतो तें चित्रांवर टिचक्या मारून नव्हे, तर काळ्या पडद्यावर एकेक ओळ लिहून. या रीतीस कमांड लाइन म्हणतात. आम्ही तिला आज्ञेची ओळ म्हणूं. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ असे दोन शब्द आणि त्यांपुढें हव्या असलेल्या सॉफ्टवेअरचें नांव लिहिलें, कीं तें सॉफ्टवेअर दूरच्या एका भांडारांतून येतें, आपल्याला लागणारीं दुसरीं पांच-पंचवीस सॉफ्टवेअरें बरोबर घेऊन येतें, योग्य जागीं बसतें आणि कामास लागतें. त्या तंत्रज्ञास यांत कांहींच नवल वाटत नाहीं. आम्हांस वाटतें, कारण त्या दोन शब्दांमागें जवळजवळ अर्ध्या शतकाचा इतिहास आहे, आणि तो यंत्रांपेक्षां माणसांचा अधिक आहे.

आधींची स्थिति कशी होती तें पाहूं. युनिक्स नांवाची प्रणाली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून आकारास आली. तिच्यावरील सॉफ्टवेअरें एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे चुंबकीय फितींवर जात. अनेक फायलींची एक मोट बांधणारें ‘टार’ हें साधन १९७९ सालच्या युनिक्समध्यें आलें. फितीवरील संग्रह अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्याचें नांव पडलें, आणि फिती गेल्या तरी तें टिकलें. पण त्या मोटेंत तयार सॉफ्टवेअर क्वचितच असे. असे तो त्याचा मूळ पाठ, ज्यास सोर्स कोड म्हणतात. प्रत्येकानें तो आपल्या यंत्रावर कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेंत उतरवून, घ्यावयाचा. बेल प्रयोगशाळेंतील स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ मध्यें ‘मेक’ हें साधन रचून या कामाची दगदग पुष्कळ कमी केली. तरीही पीठ विकत मिळण्याच्या पूर्वीं घरोघर पहांटे जातें फिरत असे, त्यांतलाच हा प्रकार होता.

खरी अडचण पुढेंच होती. कोणतेंही सॉफ्टवेअर एकटें उभें राहत नाहीं. तें दुसऱ्याच्या, आणि तें दुसरें तिसऱ्याच्या आधारावर उभें असतें. यास डिपेंडन्सी म्हणतात; मराठींत अवलंबन म्हणावें. पुरणपोळी करावयास घ्यावी तों डाळ नाहीं, डाळ मिळाली तर गूळ नाहीं, आणि गूळ मिळाला तो नेमका या पोळीस न चालणारा, अशी गति त्या काळीं तंत्रज्ञाची पदोपदीं होई. चार दिवस खपून एक वस्तु बसवावी, आणि पुढें ती नकोशी झाली तर काढावी कशी हें कळूं नये; कारण तिच्या फायली दहा ठिकाणीं पांगलेल्या असत, आणि कोणती फाईल कोणाची याची नोंद कोणींच ठेवलेली नसे. भांडीं घरांत आलीं, पण त्यांवर नांवें घातलेलीं नाहींत, असा तो संसार होता.

या स्थितींत १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यानें लिनक्स जाहीर केलें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाचीं साधनें त्याच्या जोडीस आलीं, आणि कोणासही घेतां यावी, वाचतां यावी व बदलतां यावी अशी संपूर्ण प्रणाली जगाच्या हातीं आली. पण हातीं आले ते सुटे भाग. ते जुळवून, तपासून, एकत्र बांधून देणाऱ्या जुळणीस डिस्ट्रिब्यूशन म्हणूं लागले. १९९२ मधील ‘एसएलएस’ ही अशी एक आरंभींची जुळणी. तिच्यांत दोष फार होते. तिच्याच आधारानें पॅट्रिक व्होल्करडिंग यांनीं जुलै १९९३ मध्यें स्लॅकवेअर काढलें, आणि फ्लॉपी डिस्कांचा गठ्ठा एकामागून एक यंत्रांत सारून लोक तें बसवूं लागले.

त्याच एसएलएसला कंटाळून अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यानें निराळी वाट धरली. त्याचें नांव इयन मर्डॉक. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं त्यानें नव्या जुळणीची घोषणा केली, आणि आपली तेव्हांची मैत्रीण डेब्रा हिच्या व आपल्या नांवाचीं आद्याक्षरें सांधून तिला डेबियन म्हटलें. नांवांतील हा प्रेमाचा भाग सर्वत्र सांगितला जातो. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. एकट्या माणसानें सर्व जुळणी सांभाळूं नये. ती अनेकांनीं उघडपणें मिळून करावी, आणि प्रत्येक पॅकेजामागें त्याची जबाबदारी घेणारा नांवानिशीं कोणीतरी असावा, हें तत्त्व डेबियनच्या व्यवस्थेंत प्रारंभापासून शिरलें. या जबाबदार गृहस्थास मेंटेनर म्हणतात. आम्ही त्यास राखणदार म्हणूं.

पॅकेज म्हणजे काय, हें आतां सांगणें सोपें आहे. तयार करून दाबून बांधलेलें सॉफ्टवेअर, आणि त्याबरोबर एक पत्रक. त्या पत्रकावर वस्तूचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, राखणदाराचें नांव व पत्ता, आणि ‘मला अमक्या अमक्यांची गरज आहे’ अशी अवलंबनांची यादी. हें गांठोडें सोडून जागच्या जागीं लावण्याचें काम ‘डीपीकेजी’ हें साधन करतें. त्याचें पहिलें रूप मर्डॉक यांनीं लिहिलें, आणि पुढें इयन जॅक्सन यांनीं तें १९९४ मध्यें नव्यानें घडविलें. बसविलेल्या प्रत्येक फायलीची नोंद तें आपल्या दप्तरांत ठेवतें. म्हणून पॅकेज काढावयाचें झालें तर त्याचा माग काढीत बसावें लागत नाहीं. आणखी एक शिष्टाचार त्यांत आहे, तो आम्हांस फार आवडतो. तंत्रज्ञानें एखाद्या सॉफ्टवेअरच्या मांडणीच्या फायलींत आपल्या सोयीचा बदल केला असेल, आणि नव्या आवृत्तींत तीच फाईल निराळी आली असेल, तर हें साधन जुनी पुसून टाकीत नाहीं. तें थांबतें आणि तुमची ठेवूं कीं नवी घालूं, असें विचारतें. घरच्या मंडळींस न विचारतां फडताळ लावूं नये, हें ज्यास कळतें त्यास त्या प्रश्नाचें मोल कळेल.

परंतु डीपीकेजीस एक मर्यादा होती, आणि रेड हॅट कंपनीनें १९९५ च्या सुमारास काढलेल्या ‘आरपीएम’ या साधनासही तीच होती. अमुक वस्तु कमी आहे असें तें सांगे. ती आणून देत नसे. कमी पडलेली वस्तु शोधावयास गेलेला मनुष्य दुसऱ्या तीन उणिवा घेऊन परत येई. या फेऱ्यास तंत्रज्ञांनीं अवलंबनाचा नरक असें नांव दिलें होतें, आणि ज्यांनीं तो भोगला त्यांस त्यांत अतिशयोक्ति वाटत नसे. यांतून सुटका केली ती ‘ॲप्ट’नें. तें १९९८ मध्यें प्रथम बाहेर आलें आणि मार्च १९९९ मध्यें डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हातीं पडलें. सर्व पॅकेजें एका सार्वजनिक भांडारांत ठेवावयाचीं. त्या भांडाराच्या हुबेहूब प्रती देशोदेशींच्या विद्यापीठांनीं व संस्थांनीं आपल्या यंत्रांवर राखावयाच्या. आणि आज्ञा मिळतांच साधनानें सूची पाहून काय काय लागेल याचा हिशेब करावयाचा, सर्व वस्तु जवळच्या प्रतींतून आणावयाच्या आणि योग्य क्रमानें बसवावयाच्या, अशी ही व्यवस्था. हिशेब करावयाचा हें लिहिणें सोपें आहे. हजारों वस्तु, प्रत्येकीच्या अटी, कोणाचें कोणाशीं जमत नाहीं त्याच्या नोंदी, या सर्वांतून सर्वांस मान्य होईल असा संच निवडणें हें गणितदृष्ट्या अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गांत मोडतें. लग्नघरच्या पंगतींत रुसवे-फुगवे सांभाळून पाटपाणी मांडणाऱ्यास त्याची थोडीशी कल्पना येईल.

रेड हॅटच्या कुळांतही तशीच सोय पुढें झाली. ड्यूक विद्यापीठांतील सेथ विडाल यांनीं ‘यम’ हें साधन वाढविलें. त्याची जागा ‘डीएनएफ’नें घेतली, आणि मे २०१५ मध्यें फेडोरा या जुळणींत तें मुख्य साधन झालें. मराठी वाचकास यम हें नांव ऐकून दचकावयाचें कारण नाहीं. तो केवळ इंग्रजी आद्याक्षरांचा योग आहे. १९९६ च्या जून महिन्यांत डेबियनची १.१ ही आवृत्ति निघाली तेव्हां तिच्यांत ४७४ पॅकेजें होतीं. जून २०२३ मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तींत ती संख्या ६४,४१९ वर गेली. मर्डॉक यांचें २०१५ च्या डिसेंबरांत निधन झालें. भांडार चालूच राहिलें. संस्थापकाच्या पश्चात् जी वस्तु टिकते तिलाच संस्था म्हणावें, या कसोटीस डेबियन उतरलें आहे.

येथें कोणी विचारील कीं, चित्रांचे व बटणांचे सुंदर पडदे असतांना तंत्रज्ञ अजून ओळी कां लिहितात? जुनी खोड म्हणून नव्हे. लिहिलेली आज्ञा जपून ठेवतां येते, दुसऱ्यास पाठवितां येते, वाचून तपासतां येते, आणि एका यंत्रावर चालली तशीच शंभर यंत्रांवर चालवितां येते. बटण दाबल्याचें दप्तर राहत नाहीं, लिहिल्याचें राहतें. ज्या समाजांत मोडी दप्तरांच्या रुमालांतून इतिहास उभा राहिला, त्यास हें निराळें पटवून देण्याची गरज नसावी. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पांचशें सर्वांत वेगवान संगणकांच्या यादींतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे, आणि अशा यंत्रांचा कारभार मुख्यतः आज्ञेच्या ओळींवरच चालतो.

या भांडारांत मराठीचें कांहीं आहे काय? आहे, आणि तें आमच्याच प्रांतांतून गेलें आहे. सर्व्हरवर किंवा घरच्या लिनक्सवर देवनागरी अक्षर उमटावयाचें तर त्यासाठीं अक्षरांचा संच, म्हणजे फॉन्ट, लागतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेनें पुरविलेले भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅटनें ‘लोहित’ या नांवानें सर्वांस खुले केले. लोहित म्हणजे तांबडें; कंपनीच्या तांबड्या टोपीस हें संस्कृत नांव चांगलें शोभलें. २०११ मध्यें त्यांचा परवाना फॉन्टांसाठींच रचलेल्या खुल्या परवान्याशीं जुळविण्यांत आला. डेबियनच्या भांडारांत या देवनागरी संचाचें पॅकेज ‘फॉन्ट्स-लोहित-देव’ या नांवानें आहे. त्यांतील शेवटचा ‘देव’ हा देवनागरीचा संक्षेप. तसेंच फेब्रुवारी २००९ मध्यें निघालेल्या डेबियनच्या पांचव्या आवृत्तींत, प्रणाली बसवितांना पडद्यावर जे प्रश्न येतात ते मराठींतूनही येऊं लागले. त्या आवृत्तींत ज्या पांच भाषा नव्यानें आल्या त्यांत मराठी एक होती. याचें श्रेय सरकारी हुकुमास नाहीं. प्रश्नामागून प्रश्न घेऊन त्याचें मराठी करणाऱ्या स्वयंसेवकांस आहे. राजधानींतून फर्मान न येतां भाषेस स्थान मिळाल्याचें हें उदाहरण भाषाभिमान्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

येथवरचा इतिहास सोयीचा झाला. आतां त्यामागील भयाची बाजू पाहिली पाहिजे. पॅकेज बसवितांना यंत्रावर सर्वाधिकार चालतो. गांठोड्यांत जें असेल तें घराच्या माजघरापर्यंत जातें. तेव्हां हें गांठोडें खरोखर भांडारांतूनच आलें, वाटेंत कोणीं बदललें नाहीं, याची खात्री काय? पुष्कळ वर्षें ही खात्री कच्चीच होती. एप्रिल २००७ च्या चौथ्या आवृत्तीपासून डेबियननें भांडाराच्या सूचीवरील गणिती सही तपासल्याविना माल घेऊं नये, असा सामान्य नियम केला. आणि सही करणारा राखणदार तो तोच कशावरून? यासाठीं हीं मंडळी जेथें भेटतील तेथें एकमेकांचीं ओळखपत्रें समक्ष पाहतात आणि मगच एकमेकांच्या सहीस दुजोरा देतात. त्यांचें वार्षिक संमेलन सप्टेंबर २०२३ मध्यें प्रथमच भारतांत, कोची येथें, भरलें होतें. इतक्या नव्या विद्येचा पाया शेवटीं दोन माणसांनीं समोरासमोर बसून परस्परांची ओळख पटविण्यावर आहे, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते.

परंतु सही एवढेंच सांगते कीं माल कोणीं पाठविला. माल निर्दोष आहे असें ती सांगत नाहीं. याचा पुरावा त्याच चौथ्या आवृत्तींत होता. गुप्त संदेशांसाठीं लागणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या पॅकेजांतून २००६ मध्यें डेबियनच्या राखणदारानें थोडा मजकूर सद्धेतूनेंच काढला. एका तपासणी-साधनाची त्याविषयीं तक्रार येत होती. त्या मजकुराबरोबर किल्ल्यांतील यदृच्छा, म्हणजे अंदाज करतां न येण्याचा गुणच, निघून गेला. एका जातीच्या किल्ल्या अगणित असावयाच्या त्या केवळ ३२,७६८ उरल्या. इतक्या तर चोरास बसल्या जागीं लावून पाहतां येतात. हा दोष मे २००८ मध्यें उघड झाला. तोंवर तें पॅकेज यथाविधि, सहीशिक्क्यानिशीं, जगभर बसविलें जात होतें.

दुसरी गोष्ट मार्च २०१६ मधील. जावास्क्रिप्ट भाषेच्या ‘एनपीएम’ या भांडारांत एका लेखकाचा आणि भांडारचालकांचा एका नांवावरून तंटा झाला, आणि त्यानें रागानें आपला सर्व माल परत नेला. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचें अकरा ओळींचें एक पॅकेज होतें. शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरावयाची, एवढेंच त्याचें काम. त्या अकरा ओळींवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आधारलेलीं मोठमोठीं कामें कांहीं तास अडून बसलीं. आपण कोणाच्या आधारावर उभे आहों हें त्यांपैकीं बहुतेकांस ठाऊकही नव्हतें.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. फायली दाबून लहान करणारें ‘एक्सझेड’ हें साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतें. फिनलंडमधील लासे कोलिन हे त्याचे राखणदार; अनेक वर्षें, बहुतांशीं एकट्यानें आणि विनावेतन, ते तें सांभाळीत होते. ‘जिया तान’ या नांवानें कोणी मदतीस आला. दोन-अडीच वर्षें त्यानें नेटकें काम केलें, विश्वास मिळविला. मध्यंतरीं दुसऱ्या कांहीं नांवांनीं कोलिन यांच्यावर तगादे येत होते कीं, काम मंद चाललें आहे, अधिकार दुसऱ्यास द्या. अधिकार मिळाल्यावर २०२४ च्या आरंभीं निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत त्या पाहुण्यानें चोरदरवाजा बसविला. तो दरवाजा उघडे ‘एसएसएच’च्या मार्गांत, म्हणजे दूरच्या सर्व्हरशीं ज्या वाटेनें तंत्रज्ञ बोलतो त्या वाटेवर. एसएसएचला स्वतः एक्सझेडची गरज नव्हती. निरनिराळ्या जुळण्यांच्या राखणदारांनीं सोयीसाठीं जोडलेल्या एका मधल्या दुव्यानें तें तेथवर पोंचत होतें. नहरीच्या भाषेंत बोलावयाचें तर विष मुख्य झऱ्यांत नव्हे, मागाहून जोडलेल्या एका नळाच्या सांध्यांतून शिरलें.

तें पकडलें कसें? अँड्रेस फ्रॉइंड नांवाच्या एका अभियंत्यास निराळ्याच कामाची चांचणी घेतांना असें दिसलें कीं, एसएसएचनें प्रवेश करण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो. अर्ध्या सेकंदाची उपेक्षा कोणींही केली असती. त्यानें माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं जगास सावध केलें. सुदैवानें तें पॅकेज तोंवर डेबियनच्या व फेडोराच्या चांचणीच्या शाखांतच आलें होतें; स्थिर आवृत्तींत पोंचलें नव्हतें. आणखी थोडा काळ गेला असता तर कोणत्या शहरांतील कोणता सर्व्हर सुरक्षित राहिला असता, हें सांगणें कठीण आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, फुकटच्या मालाची हीच गति. पैसे मोजून कंपनीचा माल घ्यावा म्हणजे चिंता मिटली. हा युक्तिवाद इतिहासास धरून नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें सोलरविंड्स या कंपनीच्या विकतच्या सॉफ्टवेअरमधील विषारी सुधारणा उघडकीस आली. कंपनीच्याच सहीनें ती सुमारें १८,००० ग्राहकांपर्यंत गेली होती, आणि त्यांत अमेरिकन सरकारचीं खातींही होतीं. पैसा दिल्यानें राखणदार मिळतो खरा. परंतु तो जागा आहे कीं निजला आहे, हें पाहण्याचा अधिकार मिळत नाहीं. खुल्या भांडारांत तो अधिकार सर्वांस आहे. फ्रॉइंड यांस मूळ पाठ उघडून पाहतां आला म्हणूनच अर्ध्या सेकंदाचें कारण सांपडलें. मात्र पाहण्याचा अधिकार असणें आणि प्रत्यक्ष कोणीतरी पाहणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. एक्सझेडच्या प्रकरणाचा बोध हाच आहे. व्यवस्था सुटली ती सहीच्या गणितांत नव्हे. एका थकलेल्या माणसावर सर्व जगानें भार टाकला आणि त्याच्या शेजारीं कोणी बसलें नाहीं, तेथें ती सुटली.

आमच्या नगरच्या नहरींची हकीगत याहून फार निराळी नाहीं. त्यांची बांधणी कच्ची होती असें कोणीं म्हटलेलें नाहीं. शतकें त्यांनीं पाणी दिलें. पुढें पैठणच्या जायकवाडी धरणाचें पाणी पंपानें शहरांत येऊं लागलें, नहरींच्या वाटेवर घरें व रस्ते झाले, आणि त्यांची देखभाल ही कोणाचीच रोजची जबाबदारी उरली नाहीं. आज त्यांच्यावर लेख होतात, सहली जातात, हळहळ व्यक्त होते. हळहळ ही राखणदारीच्या जागीं चालत नाहीं.

म्हणून या इतिहासांतून आम्हांस निघणारें कर्तव्य अगदीं साधें आहे. आमच्या नगरांत अभियांत्रिकी महाविद्यालयें आहेत, विद्यापीठाच्या आवारांत ‘नायलिट’ ही केंद्र सरकारची संस्था आहे, आणि दरवर्षीं शेंकडों मुलें-मुली संगणकशास्त्र शिकून बाहेर पडतात. त्या प्रत्येकास ‘ॲप्ट इन्स्टॉल’ लिहितां येतें. त्या आज्ञेच्या दुसऱ्या टोंकास कोण बसलें आहे हें फार थोड्यांस शिकविलें जातें. पॅकेजांत दोष आढळला तर तो कसा आढळला याची नीट हकीगत लिहून राखणदारास कळविणें, अर्धवट राहिलेलें मराठी भाषांतर पुरें करणें, जुन्या पॅकेजाची नव्या आवृत्तींत चांचणी घेणें, हीं कामें दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही होण्याजोगीं आहेत. त्यांस भांडवल लागत नाहीं, परदेशगमनही लागत नाहीं. ज्या पॅकेजांचे राखणदार वृद्धापकाळानें, कामाच्या ओझ्यानें किंवा कंटाळून निघून गेले त्यांची डेबियन एक जाहीर यादी ठेवतें, आणि तिच्यांत अशा पॅकेजांस अनाथ असेंच म्हणतात. ती यादी कोणासही पाहतां येते. आमच्या घरांतील मुलांनीं नौकरीच्या जाहिरातींबरोबर तीही अधूनमधून उघडावी, आणि आपल्याच्यानें सांभाळवेल असें एखादें नांव तींतून उचलावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.